तिचा रंग तिलाच

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, एका नाटक मंडळीत सत्तेचाळीस वर्षे नटनट्यांची रंगभूषा करणारी बाई, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. नजर अधू झाली आहे, अक्कल शाबूत आहे.

१. आरामखुर्ची धाकट्या भावाला द्यावी. "थोबाडं रंगवून पोट भरते," असे तो चारचौघांत म्हणाला होता. तीत बसून त्याने खालील कलमे सावकाश वाचावीत.

२. रंगांची पेटी, ब्रश आणि मिश्रणांची वही त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. मी कामाला लागले तेव्हा नायिका गोरीच लागे. सावळ्या मुलींना आम्ही सफेदा फासायचो. मान मात्र सावळीच राहायची. भुवया दोऱ्यासारख्या कोरायचो. पुढे जाड भुवयांचे दिवस आले, तेव्हा कोरलेल्या काही केल्या उगवेनात!

मग एक काळीसावळी नवी नायिका माझ्यासमोर बसली. मी पफ उचलताच तिने मनगट धरले.

"ताई, माझाच रंग लावा."

"तुझ्या रंगाचा डबा बाजारात मिळत नाही गं."

"मग बनवा."

गेरू, पिवळी माती आणि काजळी घोटून मी तो बनवला. मंडळीचे मालक कडाडले, "दिव्यांत दिसणार नाही ही!"

ती शांतपणे म्हणाली, "दिवे वाढवा."

वाढवले. प्रयोगभर लोकांची नजर तिच्यावरून हलली नाही. इतकी वर्षे मी काय करत होते, या विचाराने मला विंगेत रडू आले. त्यानंतर प्रत्येकीचा खरा रंग वहीत लिहीत गेले. एकशे बारा झाले. आता दुकानात छटांच्या रांगा पाहते आणि त्या मुलीला मनोमन हात जोडते.

३. राहते घरही भाचीलाच. ती इस्पितळात भाजलेल्या चेहऱ्यांसाठी माझ्या वहीवरून रंग जुळवते. मी एकदा खोचकपणे विचारले, "म्हणजे पुन्हा झाकाझाकच ना?"

"नाही आत्या. किती झाकायचं ते मी त्यांनाच विचारते. परवा एक शिक्षिका म्हणाली, काहीच नको, फक्त ओठ रंगव. तशीच वर्गात गेली."

माझ्याहून पुढे गेली पोर. घराची पुढची उजेडाची खोली तिने याच कामाला ठेवावी, ही माझी अट नव्हे, हौस आहे.

सही: रंगभूषाकार, निवृत्त

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी २. मंडळीच्या शिवणकामवाल्या बाई

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळ
दिनांक: अकरा जून