उजव्या हाताची नखं

१२ मार्च, दुपारी चार वाजता. नुकतीच नखं कापली.

प्रिय दादा,

तू लावून दिलेली हॉटेलातली गिटारची नोकरी आज बहुधा गेली. मी शिकतोय त्या ल्यूटच्या, म्हणजे गिटारसारख्या जुन्या युरोपीय वाद्याच्या, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारा जुन्या पद्धतीप्रमाणे बोटाच्या मांसानंच छेडायच्या असतात. नखानं त्यांचे धागे सुटतात. आणि नखांशिवाय गिटार हॉटेलच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. ल्यूट शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नखं तरी ठेव, नाहीतर ल्यूट तरी. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

कापली, मग वाजवलं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी, तारा जुळवून झालं असेल तर वाजवा की!"

वाजवूनच झालं होतं.

हे पत्र टाकायचा धीर नाही. सहाला हॉटेलात पोहोचायचंय. दमट हवेनं तारा पुन्हा बिघडल्यात, त्या जुळवत बसलोय. मला उठवत नाही.

तुझा,
धाकटा