सेहेचाळीस वह्या

ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. प्रकृतीविषयी विचारलेस, ती बरी आहे. तुझी भावजय जाऊन परवा सहा महिने झाले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

हे पत्र शाळेविषयी आहे. आज मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितले की, महिनाअखेरपर्यंत आठवीचा वर्ग आटोक्यात आला नाही, तर तो दुसऱ्या कोणाकडे सोपवून मला ग्रंथालयात बसवण्यात येईल. सव्वीस वर्षे शिकवल्यानंतर मी आता पुस्तकांवर शिक्के मारावेत! वर्गाखेरीज माझ्याकडे दुसरे काय उरले आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

माझे काय चुकते, हे मला खरोखर कळत नाही. संपूर्ण शांतता झाल्याशिवाय मी शिकवण्यास आरंभ करत नाही. परिणामी अर्धा तास शांततेची वाट पाहण्यातच जातो. मागच्या बाकांवर अखंड हसणे चालते. माझ्यावर काय ओढवले ते ठाऊक असूनही ही मुले हसतात, याची मला विलक्षण चीड येते. सेहेचाळीस वह्या घरी आणून मी ओळ न् ओळ तपासतो. तर वही तीन आठवडे परत मिळत नाही, अशी पालकांची तक्रार! एका मुलीच्या निबंधावर मी एकतीस शेरे लिहिले. पुढचा निबंध तिने तीन ओळींचा दिला. कारण विचारता, ओळी कमी म्हणजे चुका कमी, असे तिने सर्वांसमक्ष सांगितले आणि वर्ग खो खो हसला.

तू पस्तीस वर्षे लहान मुलांना शिकवलेस. काही सुचत असल्यास कळवावेस. या त्रासिक पत्रानंतरही लोभ टिकून राहावा, ही विनंती.

तुझा,
धाकटा


ता. ८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा हसूच आवरेना. त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी दे. एकतीस शेरे! अरे, तो निबंध होता की आरोपपत्र? मी सासरहून लिहिलेल्या पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारून मला परत धाडणारा तूच ना?

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. घंटा झाली की टेबलामागे खांबासारखा उभा राहू नकोस. दाराशी उभा राहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मार. मुले यायच्या आत फळ्यावर पाच मिनिटांचे काम लिहून ठेव. हात कामाला लागले की तोंडे आपोआप मिटतात. शांततेची भीक मागावी लागत नाही. निबंधात एका वेळी एकच गोष्ट तपास, तीही दिवसाला दहाच वह्यांत, मोकळ्या तासाला, शाळेतच. उरलेल्या वह्या कपाटात टाक. घरी एकही न्यायची नाही.

हसण्याचे म्हणशील, तर ती तेरा वर्षांची आहेत. ती तुला हसत नाहीत, नुसती हसतात. तुझ्या दुःखावर त्यांनी का म्हणून पहारा द्यायचा? रागावलास तर रागाव, मी थोरली आहे, मला चालते.

वेळेवर जेवत जा. राग कितीही आला तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. २९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

‘खांब’ हा शब्द मला लागला. त्यामुळे आठ दिवस तुझी एकही सूचना अमलात आणली नाही. नवव्या दिवशी, केवळ तू चूक आहेस हे सिद्ध करण्यासाठी, दाराशी उभा राहिलो. एका मुलाला मी त्याच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. त्याने अत्यंत नम्रपणे माझी दुरुस्ती केली. फळ्यावरचे काम मात्र सर्वांनी सुरू केले, आणि पाचव्या मिनिटाला मी शिकवत होतो. मला हे मुळीच आवडले नाही. परंतु दुसऱ्या दिवशीही तसेच घडले. मागचे बाक अद्याप हसतात. मी थांबत नाही, पुढे शिकवतो. त्या मुलीचा निबंध परवा दीड पानाचा आला. मी फक्त परिच्छेद तपासले. बाकीच्या चुकांसाठी हात शिवशिवत होता. वर्ग माझ्याकडेच राहील, असे मुख्याध्यापिकाबाईंनी आज कळवले.

तेव्हा तू जिंकलीस. आता माझी तक्रार ऐक.

गेला आठवडाभर मी रिकाम्या हाताने घरी येतो. आज पावणेसहाला कुलूप उघडले. कपडे बदलले, चहा केला, कप धुऊन पालथा घातला. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटे झाली होती. जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर तुझ्या भावजयीची खुर्ची आहे. सहा महिने मी तिच्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवत होतो. तो आता शाळेच्या कपाटात आहे, आणि खुर्ची दिसते.

वर्गाची सगळी व्यवस्था तू लावून दिलीस. या खुर्चीसंबंधी तुझ्या पत्रात एक अक्षर नाही, आणि ते लिहून कळवण्यासारखे नाही, हे मलाही समजते. म्हणून थोडे दिवस येऊन राहावेस. लोभ या वेळी पत्राने नको, समक्ष असावा.

तुझा,
धाकटा