मागच्या डाव्या चाकाचे नट

१४ मार्च

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे मी आणि तुमचे बंधू दोघंही खुशाल आहोत. दोघांपैकी एकजण जरा जास्तच खुशाल आहेत, आणि पत्रास कारण तेच.

तुमची बंद पडलेली जीप ट्रॅक्टरला बांधून तुमच्या डोंगरावरून खाली आणल्यापासून आमच्या अंगणाचं वर्कशॉप झालंय. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर यांचा पाय घरात ठरत नव्हता. जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस, करणार काय? औषधाच्या बाटलीवरचं वाचून त्यात चुका काढत बसायचे. आता जीपच्या खणातलं सर्व्हिस मॅन्युअल हाती लागलंय. ते आधी अथपासून इतिपर्यंत वाचलं, लाल पेनने त्यातल्या छपाईच्या चुका सुधारल्या, आणि मगच पाना हातात धरला. माझी चांगली चादर अंगणात अंथरून पुस्तकातल्या चित्रांच्या क्रमाने सुटे भाग मांडतात. वरून मांजर गेलं तर मांजराला बोलणी, मी गेले तर मला.

वन्सं, एक गोष्ट हे तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. थंडीत तुम्ही पायरीवरून पडलात आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन येईपर्यंत तशाच पडून राहिलात, ते यांच्या मनातून जातच नाही. ओढ्याला पाणी यायच्या आत जीप तयार करायची, वर यायचं आणि तुम्हाला कायमचं इकडे आणायचं, असा यांचा बेत आहे. मागची खोली रंगवूनसुद्धा झाली. पिवळा रंग यांनी निवडला, माझा त्यात हात नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तो वाढता असू द्या.

आपली,
वहिनी

२३ मार्च

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. मधमाश्यांच्या पेट्या साफ करून झाल्या. दोन ठिकाणी डंख बसले, ते मात्र कानामात्राला सांगू नकोस. (तुझा नवरा लहानपणी दुकानांच्या पाट्या वाचून चुका काढायचा, तेव्हापासून मी त्याला हेच म्हणते. त्याला राग येतो, म्हणून तर म्हणते.)

मला आणायचं ठरलं तेव्हा मी कुठे होते, एवढं त्याला विचार. आमचे हे, म्हणजे तुझे भाऊजी, गेले तेव्हाही असंच चौघांनी बसून माझं ठरवलं होतं आणि मी चहा देत होते. पिवळ्या खोलीत तुझी शिलाई मशीन ठेव, उजेड चांगला पडेल.

गाडी थंड असताना चोक पूर्ण ओढू नये. अर्ध्यावर धरावा, नाहीतर ती तोंड फुगवून बसते. हे पुस्तकात नसेल.

माया आहेच, ती काही वेगळी सांगायला नको.

वन्सं

११ एप्रिल

ती. वन्संना शि. सा. नमस्कार, वि. वि.

चोक अर्ध्यावर धरला आणि जीप सुरू झाली! धुराने सगळी गल्ली खोकली. यांनी मॅन्युअलमध्ये त्या पानावर लाल टीप लिहिली आणि दिवसभर शीळ घालत होते. इतक्या वर्षांच्या संसारात यांना शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

आता घोडं अडलंय ते ब्रेकपाशी. चारही चाकं काढून ब्रेकचे लायनर बदलायचे आहेत. तीन चाकं निघाली, मागचं डावं निघत नाही. मॅन्युअलमध्ये म्हणे स्पष्ट छापलंय की या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, ते उलटे फिरवले की सुटतात. पुढचं डावं चाक अगदी तसंच सुटलं, त्यामुळे पुस्तकावरचा विश्वास आणखीच वाढला. मागच्या डाव्याचे नट मात्र केसभरही हलत नाहीत. तेल घालून झालं, हातोडीने ठोकून झालं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला की एकदा सुलट फिरवून बघा. यांनी त्याच्यापुढे पान उघडून धरलं आणि म्हणाले की छापलेलं असं तोंडाने खोडता येत नाही.

रोज सकाळी त्या चाकापुढे बसतात, दुपारी चिडून उठतात, संध्याकाळी पुन्हा बसतात. जेवताना पाय हलत असतो. पोस्टमन उशिरा आला की फाटकापर्यंत चार खेपा घालतात. मलाही काही सुचत नाही, हल्ली मी दोनदा मीठ घालते. भाऊजींनी कधी ते चाक काढलं होतं का? तुम्हाला काही आठवतं का? आठवलं तर उलट टपाली कळवा.

कृपा असू द्या.

आपली,
वहिनी

१९ एप्रिल

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

इकडे उन्हाचा कहर आहे. दूधवाल्याची म्हैस व्याली. तुझ्यासाठी मधाच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या आहेत, कोणी खाली आलं की पाठवते.

चाकाचं काय घेऊन बसलात! लोखंड ते, त्याच्या मनात येईल तेव्हा सुटेल. ब्रेक नसताना त्याला गाडी गल्लीतसुद्धा काढू देऊ नकोस, एवढं मात्र सांगते. घाई कशाची आहे? ओढ्याचं पाणी दरवर्षी येतं आणि दरवर्षी ओसरतं.

वन्सं

३ मे

ती. वन्संना नमस्कार, वि. वि.

घाबरू नका, पण वाचा.

काल यांनी पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर उभे राहून सगळं वजन टाकलं. पाना सटकला. हे अंगणाच्या कठड्यावर आदळले. उजवं मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. प्लास्टर घालून घरी आणलं तर पहिला प्रश्न काय, तर नट हलला का. हलला नाही.

मी खूप बोलले. इतकी कधी बोलले नव्हते. सगळं ऐकून हे म्हणाले की ताई तिथे एकटी पडून होती, तेव्हा मी इथे साबणाच्या वेष्टनावरचं वाचत होतो. एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं.

हात बरा झाला की छिन्नीने नट तोडणार आहेत. म्हणजे पुढची पाळी बोटांची. वन्सं, मागच्या पत्रात मी तुम्हाला सरळ विचारलं होतं आणि तुम्ही मला म्हशीचं लिहिलंत. तुमच्याच माहेरी मुरलेल्या सुनेला एवढं कळतं.

वहिनी

८ मे

चि. सौ. वहिनीस,

आशीर्वाद. कळलं ते बरंच झालं.

त्या चाकाचे नट सुलट फिरवायचे. चाक ज्यावर बसतं तो मागचा डावा हब फार वर्षांपूर्वी दगडावर आपटून फुटला होता. तेव्हा भंगारातल्या जीपचा उजवीकडचा हब आणून तिथे बसवला, म्हणून त्याचे आटे सुलट. पुस्तक बरोबर आहे, पण आमची गाडी पुस्तकासारखी राहिली नाही. कानामात्रा मात्र इतके दिवस सोडवतोय असं समजून नट आवळतच होता. मेकॅनिकला बोलाव, मोठा पाना लागेल.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं नाही, कारण ते चाक अडलं होतं तोवर मी इथे होते. चाक सुटलं की गाडी येणार, मला आणि माझ्या ट्रंकेला उचलणार आणि पिवळ्या खोलीत नेऊन ठेवणार. वहिनी, पायरीखाली पडले होते तेव्हा मला मरणाची भीती वाटली नाही. आता हे लोक मला इथून उचलून नेतील, याचीच वाटली. पण माझ्यापायी त्याने हाड मोडून घ्यावं असं नव्हतं गं माझ्या मनात. पत्र वाचल्यावर दोन दिवस पेट्यांकडे गेले नाही.

आता आणखी एक ऐक. तो हब मी बसवला. तुझे भाऊजी जॅक धरून उभे होते. चढावर त्यांना चक्कर यायची, त्यामुळे ती जीप पहिल्यापासून मीच चालवली. खाली वस्ती दिसू लागली की आम्ही जागा बदलायचो आणि ते ऐटीत स्टिअरिंग धरायचे. कानामात्राने चार वेळा त्यांच्या ड्रायव्हिंगचं कौतुक केलं, ते सगळं मी मागच्या सीटवर बसून पोटात ठेवलं.

तेव्हा गाडी तयार झाली की कोणी वर यायचं नाही. दूधवाल्याच्या टेंपोतून मीच खाली येते, माझी गाडी न्यायला. गाडी दाराशी असली की मी म्हातारी एकटी नाही. दुखलं-खुपलं तर माझी मी खाली येईन. त्याला हे पटलं नाही तर आपण दोघी बघू.

त्याच्या हनुवटीची काळजी घे.

वन्सं

१४ मे

ती. ताईस सा. न.

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षराला हसू नये.

चाक सुटले. मेकॅनिक काही बोलला नाही, ते जास्त लागले. मॅन्युअलमध्ये योग्य पानावर लाल शाईने दुरुस्ती केली आहे आणि खाली तुझे नाव घातले आहे. ब्रेक लागतात, मी स्वतः तपासले. तू चालवायचीस, हे मला कोणी सांगितले नाही. मी चारच वेळा कौतुक केले होते, पण मनापासून केले होते. ते आता तुझ्या खाती धरावे.

खोली तयार आहे. दोन दिवस तरी राहा. दाराची कडी आतूनच आहे.

तुझा धाकटा भाऊ

२ जून

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. ओढ्यात चाकं बुडेपर्यंतच पाणी होतं. तुझा नवरा शेजारच्या सीटवर मांडीवर पुस्तक आणि गळ्यात हात अडकवून बसला होता. चढावर त्यालाही चक्कर आली. त्याने डोळे मिटले, पण तोंड मिटलं नाही, गिअर कधी बदलायचा ते पाठ म्हणत होता. त्याला परत धाडायचं म्हणते, तर प्लास्टर निघेपर्यंत हलत नाही म्हणतो. सकाळी पायरीपाशी काहीतरी खटखट चालली होती. बघते तर डाव्या हाताने कठडा बसवतोय, वाकडा. मी तो तसाच राहू दिला. काल तर दुपारी झोपला! निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच, असं तोच म्हणाला. मधमाश्यांचं एखादं पुस्तक आहे का, असं विचारत होता. नाही म्हणून सांगितलंय, तूही पाठवू नकोस.

तू त्या पत्रात मला धारेवर धरलंस ते मनात ठेवलेलं नाही. ठेवलंय खरं तर, पण चांगल्या जागी ठेवलंय. पिवळी खोली मला आवडली, पाहुणी म्हणून.

रविवारी सकाळी अंगणातली चादर काढून ठेव आणि दोन साड्या पिशवीत भर. जीप खाली येते आहे, तुला न्यायला. आणि चढ लागायच्या आधी आपण जागा बदलू. शिकायला काही वय लागत नाही, आणि मी शेजारी आहेच.

लोभाचं तुला काय लिहायचं? समोर आलीस की बोलू.

वन्सं