तिजोरीचा शब्द

धाकटे,

पिशवी तशीच खाली ठेव आणि आधी हे वाच. तुझ्या भाऊजींच्या छातीत पुन्हा कळ आली. शेजारच्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेते आहे. घाईत माझा फोन जिन्यावरून पडला आणि बंद झाला, म्हणून हा कागद.

डॉक्टरांना मागच्या वर्षीचे रिपोर्ट अकराच्या आत हवेत. कुठल्या इंजेक्शनने त्यांना त्रास झाला होता ते त्यात आहे, मला नाव आठवत नाही. रिपोर्ट माझ्या मेलवर आहेत आणि मेलचा पासवर्ड तू करून दिलेल्या पासवर्डांच्या तिजोरीत. फोन गेला तरी ती कॉम्प्युटरवर उघडते, असं तूच म्हणाली होतीस. डॉक्टरांचा मेल आणि दवाखान्याचा पत्ता मागे लिहिला आहे.

तिजोरीचा मुख्य पासवर्ड सांगितला नाही म्हणून चार दिवस तू माझ्याशी बोलत नाहीस. "साठीत अक्षरं माझ्याकडून शिकलीस आणि एक शब्द मला सांगवत नाही तुला?" म्हणालीस. ते लागलं मला. पण विश्वासाचा प्रश्न नव्हता गं, लाज वाटत होती.

पासवर्ड असा: माझीधाकटीबहिण

मराठीतच, मध्ये जागा न सोडता. त्यातला 'हि' ऱ्हस्व आहे. चुकलाय हे मला नंतर कळलं, पण तिजोरीला तोच ठाऊक आहे. तुझा हात सवयीने दीर्घ काढेल, सांभाळ. तीनदा चुकलं तर ती तासभर उघडत नाही, आणि आत्ताच दहा वाजलेत.

पाठवून झालं की लगेच निघून ये. मला एकटीला तिथे धीर धरवणार नाही.

ताई