तिचा पाय

प्रणू,

तू गोळी घेऊन झोपलेलीस म्हणून उठवलं नाही. होमस्टेवर पाहुणे आलेत, त्यांचं जेवण करायला चाललेय.

पालीचा ऋत्विक येऊन गेला. तुझा पाय बरा होईपर्यंत आपल्या मैनाला शर्यतीत पळवायला तूच बोलावलेलास ना, तो. घोडी मागे वाडीत होती, म्हणून आधी चहा दिला. त्याने विचारलं, "काकू, तिच्या पायाला काही त्रास?" मला वाटलं, पोरगा किती चांगला, तुझी चौकशी करतोय. म्हटलं, उजव्याला आहे, डॉक्टर म्हणतात आता शर्यत विसरा. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "वय काय तिचं?" म्हटलं, तेवीस. "मग चालते तरी कशी?" म्हटलं, भिंत धरून धरून.

अर्धा चहा टाकून, घोडी न बघताच गेला. गेट लावताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसू की रडू, मला अजून कळत नाही.

त्याला लगेच फोन कर. मैना सात वर्षांची आहे, चारही पाय शाबूत आहेत, आई भलतंच समजली म्हणून सांग. आमटी गरम करून घे. पायरी एकटी उतरू नकोस.

डॉक्टरांनी परवा मला बाहेर बोलावून सांगितलेलं. तुला कसं सांगू तेच सुचत नव्हतं, आणि त्या परक्या पोराला चहाबरोबर सांगून बसले.

आई