डोळ्यातला कण

गुणवंती,

चहा झाकून ठेवलाय. तू उठायच्या आत परळच्या हॉस्पिटलात निघालोय. गेल्या आठवड्यातल्या एमआरआयमध्ये प्रोस्टेटवर डाग दिसला. नेमकी जागा कळली, म्हणून आज तिथलाच तुकडा काढून तपासणार. कॅन्सर आहे की नाही, ते मगच कळेल.

एक सांगायचं राहिलं. मशीनमध्ये घालण्याआधी तिथल्या पोरीने विचारलं, "काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला का?" इतकी वर्षं तुला सांगत आलो, खिडकीचा गज घासताना गेला. तिला खरं सांगितलं. मिलमध्ये गेला, संपात. तू बायकांबरोबर गेटवर घोषणा देत होतीस, तेव्हा मी मागच्या दाराने चार दिवस कामावर गेलो होतो.

कण उरला असेल तर मशीनचं चुंबक तो ओढेल, म्हणून आधी एक्स-रे काढला. त्यात डोळा साफ निघाला. मग मशीनमध्ये पडल्यापडल्या पाण्यावर तरंगल्यासारखं झालं. डोळे मिटले तर तू हिरव्या लुगड्यात गेटवर उभी, मी तुझ्याकडे चालतोय, चालतोय, आणि पोचतच नाही.

दहाला आत नेतील. रागावलीस तरी ये. बोलू नकोस हवं तर, नुसती बाहेर बस.

धर्मा