दारातली चिंच आणि माझा अर्ज

आई, आपल्या दारातल्या चिंचेवर पुन्हा नोटीस लागली आहे. या वेळी झाड काढायचा अर्ज माझाच आहे. वर दोन खोल्या काढल्या तर तुझा नातू पुण्याहून बायको-पोरांना घेऊन इथे राहायला येईल, आणि वर जायचा जिना नेमका बुंध्यावर येतो. आपल्या दारातलं झाड असलं तरी कायद्याने परवानगी लागते. महापालिकेचा माणूस आला, बुंध्याचा घेर मोजला, फोटो काढले आणि सुतळीने कागद बांधून गेला. कुणाची हरकत असेल तर आठवड्याच्या आत लेखी कळवावी, असं त्यावर लिहिलंय.

पहिली नोटीस लागली तेव्हा मी सातवीत होते. रस्ता रुंद व्हायचा होता. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, म्हणून वडील गप्प बसले. तू मात्र स्वयंपाकघरात मला वहीचं पान फाडायला लावलंस. मी झोकात सुरुवात केली, 'वृक्ष हे मानवाचे मित्र आहेत.' तू पळी आपटलीस. "ह्यो काय निबंध हाय व्हय? आपल्याला झाड कशाला लागतं ते लिही. खोटं एक अक्षर नको." मग तू सांगत गेलीस आणि मी लिहीत गेले. वर्षाची चिंच विकत आणावी लागत नाही. दुपारी आळीतल्या बाया इथंच गहू निवडतात. पाथर्डीकडची आपली माणसं दवाखान्याला आली की सावलीत भाकरी सोडतात. खाली तू जीभ दातांत धरून सही केलीस. साहेब वाचून हसले, पण रस्ता चिंचेला वळसा घालून गेला. रिक्षावाले अजून त्या वळणावर शिव्या घालतात.

उन्हाळा लागला की तू पाय पसरून चिंचा फोडायला बसायचीस. आत्ताही तशीच दिसतेस. हातात बत्ता आहे, चिंचोके माझ्याकडे सरकवते आहेस आणि मीठ लावलेले गोळे बरणीत दाबते आहेस. तुझ्या हातांना तो आंबट वास किती दिवस राहायचा. फार आठवण येते गं.

सहा दिवस मी झाडू घेऊन फाटकात रेंगाळते आहे, कोण कागद वाचतंय ते बघत. काल समोरच्या बाई थांबल्या. मला वाटलं, या तरी भांडतील. तर म्हणाल्या, "काढा बाई, पानांचा लई कचरा हुतो." मला इतका राग आला की चहासुद्धा विचारला नाही. अर्ज माझा, आणि राग त्यांच्यावर!

उद्या मुदत संपते. एकही हरकत आलेली नाही. अर्जात मी 'झाड धोकादायक' असं लिहिलंय. त्याची एकही फांदी वाळलेली नाही. आणि तुझा नातू येतो असंही म्हणालेला नाही. "खोल्या झाल्या तर बघू," एवढंच म्हणाला. त्या 'बघू'वर मी सही केली. तू गेल्यापासून एकेक गोष्ट तुला सांगायची राहून गेली, म्हणून जीव हळहळायचा. हे पत्र मात्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, याचं मला बरं वाटतंय.